तिसऱ्या माळेला तो प्यालेला नव्हता

पो. स्टे. पिंपळधरा, जि. अमरावती
दिनांक २४/०९/२०२५, सकाळी ११.४० वाजता

नाव सौ. साधना धर्मेंद्र येउल, वय ४१ वर्षे, शिक्षण दहावी, धंदा फुलशेती, राहणार मौजे बोरखडी, ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती.

मी समक्ष पोलीस स्टेशनला येऊन विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती धर्मेंद्र शालिकराम येउल, वय ४६, आणि सासू माणिकबाई, वय ७०, असे तिघे राहतो. सासरे शालिकराम यांना वारून नऊ वर्षे झाली. मुलगी खुशी अमरावतीला वसतिगृहात राहून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकते. अडीच एकर वावर घराला लागून आहे. त्यात झेंडू आणि शेवंती आहे, बांधाला केळी आहे. गावदेवीच्या घटाला नवरात्रात नऊही दिवस माळ आमच्याच घरून जाते. आजेसासऱ्यांपासूनची ही चाल आहे.

आज सकाळी सव्वाआठच्या सुमारास आमच्या घराच्या छपरीत माझ्या पतीने विळ्याने माझ्या सासूच्या मानेवर आणि डाव्या हातावर वार केले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट जागीच तुटले. मी पतीला फावड्याच्या दांड्याने तीन वेळा मारले. यातले एक मी डोळ्यांनी पाहिले आणि दुसरे हाताने केले. दोन्ही खरे आहे.

हवालदार साहेबांनी वरच्या परिच्छेदात आधी 'दारूच्या नशेत' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. माझा नवरा रविवारी दि. २१ ला, सर्वपित्री अमावस्येच्या संध्याकाळी शेवटचा प्याला. त्यानंतर आजपर्यंत एक थेंब नाही. त्याचे तोंड हुंगून पाहा, असे मी गावात सांगितले आणि इथे आल्यावरही सांगितले. कोणी हुंगले नाही. पेताडाचे तोंड कोण हुंगतो.

(साक्षीदाराच्या सांगण्यावरून दोन शब्द खोडले. सही केली.)

तो आत्ता या खोलीमागच्या लॉकअपमध्ये आहे. त्याचे बोलणे मला इथे ऐकू येत आहे. आत तो एकटाच आहे आणि तिघांशी बोलत आहे. त्यातले एक माझे मेलेले सासरे आहेत. नशा उतरली की गप्प होईल, असे मला आल्यापासून दोनदा सांगण्यात आले. उतरायला आधी चढावी लागते. हे मी मोठ्या आवाजात बोलले हे खरे आहे, त्याबद्दल माफी मागत नाही.

बाहेर बाकावर आमचे चुलतदीर खुशालराव बसले आहेत. त्यांनी अकोल्याच्या बाजूच्या एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन करून गाडी मागवली आहे. ती वाटेत आहे. त्या गाडीत माझ्या पतीला घालू नये, यासाठी मी हा जबाब देत आहे. त्याला सरकारी दवाखान्यात न्यावे आणि आजच न्यावे, एवढेच माझे मागणे आहे. हवालदार साहेबांचे अक्षर चांगले आहे पण हात हळू चालतो, म्हणून जे महत्त्वाचे ते आधी सांगितले.

त्या केंद्राची मला माहिती आहे ती अशी. दारू सोडवायला आम्ही काय केले नाही ते विचारा. आधी बाळापूरच्या बाजारात एक जण पुडी द्यायचा, ती आणली. वरणात कालवून द्यायची आणि पिणाऱ्याला कळू द्यायचे नाही, असे त्याने सांगितले. मी दिली. चौथ्या दिवशी पतीला रक्ताची उलटी झाली. ती कशाने झाली हे त्याला आजही माहीत नाही. नंतर दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात एसटीच्या मागच्या काचेला चिकटवलेला कागद पाहिला. 'दारू, गांजा सोडवा. पेशंट घरून नेऊ.' मी नंबर लिहून घेतला आणि फोन लावला, तो याच केंद्राचा होता.

चार माणसे आली. पती जेवत होता, त्याला ताटावरून उचलले. त्याने दाराची चौकट धरली तेव्हा एकाने त्याच्या बोटांवर बुक्क्या मारून ती सोडवली. मी पदर तोंडाला लावून उभी होते. मला वाटले, असेच असते. कागदावर सही माझी आहे. एकवीस दिवसांनी आणायला गेले तेव्हा पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि खालचे दोन दात नव्हते. तिथे सकाळी सगळ्यांना ओळीत उभे करून एकमेकांना मारायला लावायचे, हे त्याने मला एकदाच सांगितले. त्याच्या वाट्याला एक म्हातारा मास्तर यायचा. मार खाल्ल्याचे सांगताना तो रडला नाही, त्या मास्तरला मारल्याचे सांगताना रडला. गावात आल्या दिवशीच तो पुन्हा प्याला.

तेव्हा तक्रार का दिली नाही, असे मला आता विचारण्यात आले. सही माझी होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हापासून घरात कोणी दवाखान्याचे नाव काढले की तो दगड उचलतो. एक माझ्या डाव्या कानशिलाला लागलेला आहे, खूण दाखवली आहे.

या ऑगस्टमध्ये खुशीने फोनवर सांगितले, "आई, आपल्या अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी व्यसनाची ओपीडी रायते. तिथं मारत नाईत, बांधत नाईत. तू एकडाव जाऊन तं पाह्य." आमची फुलांची गाडी रोज अमरावतीला जाते. फुले जिथे उतरतात तिथून हा दवाखाना पायी जाण्यासारखा आहे. वीस वर्षे आम्ही पुडीवाले, भगत आणि गाडीवाले शोधत हिंडलो. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

मंगळवार दि. ९ सप्टेंबरला मी फुलांच्या गाडीतच बसून तिथे गेले. गीतांजली मॅडम म्हणून आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली. तो किती पितो, कधीपासून, मारतो का, सगळे विचारले आणि लिहून घेतले. मग विचारले, "तुम्ही झोपता का?" मला हे आजवर कोणी विचारलेले नव्हते. मी म्हटले, "झोपतो ना जी. फुलं तोडायले उठा लागते." तेही त्यांनी लिहून घेतले. पतीला मंगळवारी घेऊन या, सात दिवस भरती ठेवू, गोळ्या देऊ, असे सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. त्यावर त्यांचा फोन नंबर आहे. पुढच्या मंगळवारी, दि. १६ ला, पती यायला तयार झाला नाही. चिठ्ठी मी देव्हाऱ्यात ठेवली होती. येताना ती सोबत आणली आहे.

आमच्या घरी चाल अशी आहे, की घट बसला की माळेच्या फुलाला पिणाऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. म्हणून दरवर्षी नवरात्रात पतीला त्याच्या बहिणीकडे चांदूर रेल्वेला पाठवतात. तिथे तो नऊ दिवस पितो आणि दसऱ्याला सोने वाटायला परत येतो. यंदा मी त्याला म्हटले, "जाऊ नोका. घरीच राहा, पन कोरडे राहा. नऊच दिवस हायेत." त्याने लगेच हो म्हटले नाही. रविवारी संध्याकाळी पिऊन आला आणि उरलेली बाटली त्याने स्वतः केळीच्या बुंध्याशी ओतली. सोमवारी अंघोळ करून पहिल्या तोड्यातले पहिले फूल आईच्या पायावर ठेवले आणि म्हणाला, "माय, नऊ माळा होयेस्तोवर थेंब नाई."

पहिली माळ त्याने ओवली. वाकडी झाली होती, पण सासूने तीच देवीला पाठवली.

मंगळवारी पहाटेपासून त्याचे अंग थरथरू लागले. चहाची कपबशी हातात राहीना. कपडे घामाने भिजले. हवेतला दोरा उचलावा तशी बोटे करायचा. सासूने ते पाहिले आणि हातातले टोपले खाली ठेवून हात जोडले. म्हणाली, "देवी आली वो. माह्या सासूच्या अंगात येत होती ना, थेट तशीच." तिने त्याला पाटावर बसवले, कुंकू लावले. तासाभरात गल्लीतल्या बाया नारळ घेऊन आल्या आणि त्याच्या पाया पडू लागल्या. एकीने विचारले, पोरीचे लग्न कधी जमेल. तो तिच्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाला, "मुंग्या हायेत. लय मुंग्या हायेत." तिने त्याचाही अर्थ लावला आणि समाधानाने गेली. तो दिवसभर जेवला नाही, झोपला नाही. एकदम दारू बंद केल्याने माणसाला असे होते, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते.

आज तिसरी माळ. साडेसहाला मी फुले तोडून तीन टोपली छपरीत आणून ठेवली. देवीची माळ आम्ही दोऱ्यात ओवत नाही, केळीच्या ओल्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीच्या धाग्यात, ओवतो. सोपट कापायला सासूच्या मांडीजवळ विळा असतो. ओवून झालेली माळ भुईला लागू नये म्हणून ती गळ्यात घालून घेते आणि पुढचे टोक ओवत जाते. तिची ही लग्नापासूनची सवय आहे. पती समोर पाटावर होता. दोन बाया हात जोडून बसल्या होत्या. मी अंगणात फावड्याने नाली उकरत होते. अंतर वीस फूट.

त्याने आवाज न करता विळा उचलला. तो रागात नव्हता. कोंबडी धरायला जातात तसा हळूच सरकत गेला. मला वाटले सोपट कापून देतो आहे. तो म्हणाला, "माय, हालू नोको. तुह्या गयात हाय."

सासू हसली. "काय हाय रे?"

"साप हाय. हालू नोको म्हनलं ना."

पहिला वार माळेवर बसला. माळ तुटली आणि मानेला तीन बोटे लांब चीर गेली. सासूने हात आडवा केला. दुसरा वार बोटांवर बसला. तिसरा कोपराच्या खाली, हाड दिसेपर्यंत. ती ओरडली नाही. ओरडत तो होता, "दुसरा हाय, अजून दुसरा हाय." फुलाच्या टोपल्यात रक्त पडत होते आणि तो टोपल्यातही विळा मारत होता. दोन्ही बाया पळाल्या.

मी धावत जाऊन पहिला दांडा त्याच्या मनगटावर मारला. विळा सुटला नाही. दुसरा पाठीवर मारला. तिसरा कानामागे मारला, तेव्हा विळा पडला. पहिले दोन विळा सोडवायला मारले. तिसरा रागाने मारला. वीस वर्षांचा राग होता तो. पती खाली बसला, त्याच्या कानातून रक्त येत होते, आणि त्याने मला विचारले, "मेला का? पाह्य बरं, मेला का?"

मी पदर फाडून सासूचा हात बांधला. बोटे फुलात पडली होती. ती खुशालरावांच्या सुनेने शोधून काढली. फुलांमुळे वेळ लागला. सासूला आमच्याच फुलांच्या गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवले. मीही सोबत चढणार होते, पण मागून आवाज आला म्हणून थांबले.

खुशालराव आणि गावातले दहा-बारा जण पतीला मारत होते. ठिबकची काळी नळी दुहेरी करून मारत होते. खाली पडल्यावर लाथा घातल्या. तो मार चुकवत नव्हता, अंगावरून काहीतरी झटकत होता. थोड्या वेळापूर्वी जी बाई त्याच्यासमोर हात जोडून बसली होती, तिने स्वतःच आणलेला नारळ त्याच्या छातीवर हाणला. मी मध्ये पडून म्हटले, "तो पेला नाई. तोंड हुंगा त्याचं." खुशालराव म्हणाले, "सरक साधना. पेल्याबिगर कोनी मायले कापते का?" माझ्या दंडावर दोन नळ्या बसल्या, त्या चुकून बसल्या असे मी समजते. नंतर त्याला नायलॉनच्या दोरीने बाभळीला बांधले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. पोलीस गाडी साडेनऊला आली. कोणाकोणाची नावे सांगायची ती मी विचारल्यास सांगेन, पण आज मला त्यात वेळ घालवायचा नाही.

सव्वाबाराला तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला. सासूने तिथल्या पोलिसांना सांगितले, की मी माझ्याच विळ्यावर पडले, लेकाने काही केले नाही. हवालदार साहेबांनी पेन खाली ठेवले आणि मला म्हणाले, "पाहा बाई, म्हातारीच नाई म्हनून राहिली. मंग गुन्हा काहाचा? घेऊन जा घरी."

मी म्हटले, "घरी कोठी नेऊ साहेब? गाडी येऊन राहिली ना."

त्यावर त्यांनी विचारले, की स्वतःच्या नवऱ्यावर तूच काहून सांगून राहिली. मी सांगितले, की सासू खोटे बोलते आहे ते आईपणाने बोलते आहे, पण तिच्या खोट्याने तो सुटेल आणि सुटला की दारातच त्या गाडीत जाईल. मी खरे सांगितले तर तुम्हाला त्याला डॉक्टरकडे न्यावे लागेल. माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. दवाखाना शोधत शोधत मी पोलीस स्टेशनला पोचले आहे, इथून पुढे मला ठिकाण माहीत नाही.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि त्यावरच्या नंबरला फोन लावा म्हटले. साहेबांनी लावला. पलीकडे गीतांजली मॅडम होत्या. साहेबांनी त्यांना सगळे थोडक्यात सांगितले, शेवटची दारू कधी ते मला विचारून सांगितले. मग बराच वेळ साहेब नुसते ऐकत होते. त्यांनी फोन हातात धरूनच मला विचारले, की आतला आवाज कधीपासून बंद आहे. माझे लक्ष

(येथे जबाब थांबविला. वेळ दुपारी १२.५२. लॉकअपमधील इसम धर्मेंद्र येउल यास झटका येऊन तो जमिनीवर आपटला, तोंडातून फेस व रक्त आले. मी स्वतः त्याचे डोके धरले. सरकारी जीपने अमरावतीस रवाना केले. सोबत साक्षीदार. तोंडास दारूचा वास नव्हता. बाहेर अकोल्याहून आलेली गाडी उभी होती, ती परत पाठविली.)

जबाब पुढे चालू. दिनांक २६/०९/२०२५, दुपारी ३.१० वाजता, सरकारी दवाखाना, अमरावती, वॉर्डाबाहेर.

मी वरील साधना धर्मेंद्र येउल पुन्हा विचारल्यावरून सांगते की, माझ्या पतीला जीपमध्ये दोनदा आणि इथे आल्यावर एकदा झटका आला. बुधवार आणि गुरुवार तो शुद्धीवर नव्हता. हात पलंगाला कापसाच्या पट्ट्यांनी बांधले होते, खाली दोन बोटे जातील इतके सैल. ते का बांधले हे नर्सने मला आधी समजावून सांगितले. बांधणे असेही असते, हे मी पहिल्यांदा पाहिले. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर कागद वेगळा लिहावा लागला असता. सासूलाही तालुक्याहून इथेच आणले आहे. हात वाचला. दोन बोटे बसली नाहीत.

आता मला आधीच्या जबाबात एक दुरुस्ती करायची आहे. ती मला कोणी विचारलेली नाही.

आधी मी सांगितले, की एकदम दारू बंद केल्याने असे होते हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. ते खोटे आहे. मला माहीत होते.

दि. ९ ला गीतांजली मॅडमनी मला सांगितले होते, "घरी एकदम बंद करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर होते, घाम येतो, नसलेलं दिसतं, झटके येतात. जीव जाऊ शकतो. बंद करायची ती इथे आणून." त्यांनी हे दोनदा सांगितले आणि माझ्या तोंडून वदवून घेतले. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तसे लिहिलेही आहे. परवा मी चिठ्ठी टेबलावर ठेवली ती पुढची बाजू वर करून ठेवली. आता उलटी करून दिली आहे, ती जोडून घ्यावी.

माहीत असून असे का केले, तर त्या दिवशी परतताना मी गाडीत बसून हिशेब केला. दवाखान्याला सात दिवस लागतात. आपल्या घरी देवी नऊ दिवस बसते. सातात जे औषधाने होते ते नऊत देवीने का होणार नाही, उलट दोन दिवस वरच आहेत. दवाखान्याला तो दगड मारतो, देवीला मारणार नाही. आणि खुशीच्या लग्नाच्या वेळी कोणी म्हणणार नाही, की बाप येड्याच्या दवाखान्यात होता. मला हा हिशेब फार हुशारीचा वाटला. मी तो कोणाला सांगितला नाही, खुशीलाही नाही. ती फोनवर विचारायची, "बाबाले नेलं का?" मी म्हणायचे, "दसऱ्यानंतर नेतो."

मंगळवारी पहाटे त्याला थरथर सुटली तेव्हाच मी ओळखले. घाम, बोटांचा चाळा, सगळे मॅडमनी सांगितले तसेच होते. मी देव्हाऱ्यातून चिठ्ठी काढली. सकाळचे सात वाजले होते, फुलांची गाडी दारात भरून उभी होती, ती अमरावतीलाच चालली होती, आणि वार मंगळवार होता. मी त्याला हाताला धरून गाडीत बसवायचे, एवढेच काम होते. तेवढ्यात पहिली बाई आली आणि तिने माझ्या नवऱ्याच्या पायावर डोके ठेवले.

लग्नाला वीस वर्षे झाली. त्याला लाथ घातलेली मी पाहिली आहे, नालीतून ओढत आणलेले पाहिले आहे. त्याच्या पायाला कोणी हात लावलेला पाहिला नव्हता. मला बरे वाटले. मला फार बरे वाटले. मी चिठ्ठी परत ठेवली आणि बायांसाठी चहा टाकला. देवी नाही हे त्या घरात फक्त मला माहीत होते, आणि कुंकवाचा करंडा मीच सासूच्या हातात दिला.

म्हणून माझे सांगणे असे आहे, की या प्रकरणात कोणाचे नाव लिहायचे असेल तर माझे लिहावे. खुशालरावांनी मारले, मीही मारले. पण त्याच्या हातात विळा माझ्या हिशेबाने गेला. पतीने दिलेला शब्द पाळला होता. आमच्या सगळ्यांत तो एकटाच शब्दाला जागला.

आज सकाळी नऊच्या सुमारास तो शुद्धीवर आला. ओठ फुटलेले आहेत, हळू बोलतो. त्याने आधी विचारले, "आज कितवी माळ?"

मी म्हटले, "पाचवी."

"मी पेलो होतो का?"

"नाई."

तेवढ्यात सासू तिच्या खाटेवरून उठून त्याच्याजवळ आली. बांधलेला हात तिने पदराखाली घेतला होता, पण त्याने पाहिला. तिने सांगितले, "विळ्यावर पडलो रे बाप्पा. म्हातारपन हाय." तो तिच्याकडे पाहतच नव्हता, माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "वो खुशीची माय, मी पेलो नोयतो तं मंग हे कसं झालं?"

मी पाणी आणायला जाते म्हणून बाहेर आले. ते पाणी अजून माझ्या हातात आहे. हवालदार साहेब आले तेव्हा मी वॉर्डाच्या दाराशीच उभी होते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला अजून दिलेले नाही, पहिल्यांदा इथे दिले आहे.

वरचे दोन्ही दिवसांचे लिखाण साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवले. पुडीचेही वाचले. मी बोलले तसेच उतरले आहे, आता त्यात काही गाळलेले नाही. मी याची एक प्रत मागितली आहे. ती मी आत जाऊन माझ्या नवऱ्याला आणि सासूला स्वतः वाचून दाखवणार आहे.

सही
साधना धर्मेंद्र येउल